अंगठ्यापर्यंत

२०४३ च्या जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी त्रिशला चौगुलेनं चार हजार जोड मोजे कारखान्याबाहेर सोडायला नकार दिला. दारात तीन गाड्या भरून उभ्या होत्या. चालकांच्या हातातल्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या होत्या, फक्त तपासणी विभागाचा शिक्का नव्हता. तो शिक्का त्रिशलाच्या पर्समध्ये होता आणि पर्स तिनं छातीशी धरली होती. पाच वर्षं ती त्या विभागाची प्रमुख होती. उसवलेला, डागाळलेला, वीण सुटलेला माल तिनं कितीदा तरी परत पाठवला होता, पण दाराशी आलेला सगळाच्या सगळा माल अडवण्याची ही पहिलीच वेळ.

कारखाना चालवणाऱ्या सहकारी संस्थेचे अध्यक्ष उदगावे जिना उतरून खाली आले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, मोज्यात नेमकी खोट काय आहे?

"विणीत काही खोट नाही," त्रिशला म्हणाली. "खोट माझ्या सहीत आहे."

उदगाव्यांना काही कळलं नाही. कळावं म्हणून बारा दिवस मागं जावं लागेल, तिच्या थोरल्या भावाच्या घरी.

इचलकरंजीतले माग तोवर जवळजवळ माणसांशिवाय चालू लागले होते. मागं राहिली होती ती जुनी माणसं आणि त्यांचे पाय. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं रोज बारा तास चार मागांच्या मधल्या बोळात उभं राहून काढलेली माणसं. कुणाच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी उठलेल्या, कुणाचे पाय संध्याकाळपर्यंत इतके सुजायचे की चपलेत मावायचे नाहीत, कुणाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं न भरणारी जखम. गावाला त्याचं काही विशेष वाटत नसे. विणकराचे पाय असेच असतात, म्हणायचे.

नाझनीन मुजावर याच गावातल्या, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कामगाराची मुलगी. वडिलांच्या पायाची जखम धुवतच ती मोठी झाली. पुढं वस्त्रअभियांत्रिकी शिकली, मग रक्ताभिसरणावर संशोधन केलं, परदेशातली नोकरी सोडून गावी आली आणि तिनं हा मोजा तयार केला. पहिल्या वर्षी विणकरांच्या सभेत तिनं तो समजावून सांगितला, तेव्हा त्रिशला पुढच्याच रांगेत बसली होती.

हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं, ते काम धमन्यांचं, असं नाझनीननं सांगितलं होतं. अवघड असतं ते तेच रक्त पुन्हा चार फूट वर चढवणं. ते काम शिरांचं. शिरांना स्वतःचा जोर नसतो. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर उचललं जातं, आणि ते परत खाली घसरू नये म्हणून शिरेत जागोजागी छोट्या झडपा असतात. माणूस तासन् तास एका जागी उभा राहिला की पोटरी काम करत नाही, रक्त साचतं, शिरा फुगतात, आणि फुगलेल्या शिरेच्या झडपा एकमेकींना टेकेनाशा होतात. एकदा झडप गळकी झाली की ती आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणून पोटरीचं काम मोज्यानं करायचं. मोज्यातले काही धागे सौम्य वीज मिळताच स्नायूसारखे आवळत. घोट्यापासून सुरुवात करून लाटेसारखे वर गुडघ्यापर्यंत जात आणि मग सैल पडत. दुसरे काही धागे कानाला ऐकू न येणारा आवाज पायात सोडत आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून आतलं रक्त किती वेगानं वाहतंय ते ओळखत.

गाव त्याला शहाणा मोजा म्हणू लागलं. नाव गमतीनं पडलं, पण काम गमतीचं नव्हतं. सहा-सहा वर्षांच्या जखमा तीन महिन्यांत भरल्या. बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या जागेत सहकारी संस्थेनं कारखाना काढला, सहाशे माणसं कामाला लागली. पाच वर्षांत अकरा हजार लोकांच्या पायात तो मोजा गेला. आता बाजार समित्यांतल्या हमालांसाठी चार हजार जोडांची पहिली मोठी मागणी आली होती.

एक धोका मात्र नाझनीनला पहिल्यापासून ठाऊक होता. ज्याच्या धमन्याच अरुंद झाल्यात, ज्याच्या पावलापर्यंत मुळात रक्तच कमी पोचतंय, त्याचा पाय बाहेरून आवळणं म्हणजे उपाशी माणसाचा गळा दाबणं. म्हणून मोजा पहिल्यांदा घातला की आधी तपासणी व्हायची. मोजा घोट्याशी हळूहळू आवळत जायचा आणि किती दाबाला नाडी थांबते ते बघायचा. मग तो आकडा दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहायचा. घोट्याचा दाब दंडाएवढा किंवा जास्त असेल तर गुडघ्याजवळच्या पट्टीत हिरवा ठिपका लागायचा आणि मोजा कामाला लागायचा. कमी असेल तर लाल ठिपका, आणि मोजा आवळायचं नावच घ्यायचा नाही.

त्रिशलाचा भाऊ सन्मती मगदूम याच्या पट्टीत कायम हिरवा ठिपका असे.

त्या बुधवारी दुपारी राजमती वैनीचा फोन आला. ती नवऱ्याविषयी कधी तक्रार करणारी नव्हती. एवढंच म्हणाली की कारखाना सुटल्यावर जरा घरी येऊन जा, ह्यांना बघून जा.

सन्मती त्रेसष्ट वर्षांचा होता. साधा माग, मग स्वयंचलित माग, मग मागाशिवायचं रिकामपण, हे सगळं त्यानं पाहिलं होतं. वीस वर्षं मधुमेह आणि त्याच्या दुप्पट वर्षं विडी. त्रिशला गेली तेव्हा तो दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. सूज असलेल्या माणसानं पाय वर ठेवायचा असतो, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक झालं होतं. सन्मतीचा पाय खाली लोंबत होता. वैनीनं स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं की महिनाभर असंच चाललंय. कॉटवर आडवे झाले की पाय कडेनं खाली सोडतात, तसंच बरं वाटतं म्हणतात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना तीनदा थांबतात. पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की जातो, चाललं की पुन्हा येतो. आणि कुणाला दिसू नये म्हणून थांबताना भिंतीवरचे कागद वाचल्यासारखं करतात.

त्रिशला बाहेर आली आणि भावाला म्हणाली, मोजा काढ बघू. तो नको म्हणाला. आत्ताच घातलाय, उद्या काढतो म्हणाला. शेवटी तिनं खाली बसून स्वतःच मोजा सोडवला.

नडगीची कातडी तुकतुकीत झाली होती, तिच्यावर एक केस नव्हता. लोंबणारं पाऊल लालसर दिसत होतं, पण हाताला गार लागलं. तिनं ते उचलून मांडीवर घेतलं तर मिनिटभरात लाली गेली आणि पाऊल मेणासारखं पांढरं पडलं. करंगळीचं टोक काळं होतं. माखल्यासारखं नव्हे, वाळल्यासारखं.

"अण्णा, हे कधीपासून?"

"दिवाळीपासून असंल."

"आणि तू मोजा घालून बसलास?"

सन्मतीनं पाऊल तिच्या मांडीवरून काढून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या कारखान्याचा मोजा हाय. तुझ्या भावानंच काढून ठेवला म्हटल्यावर गल्लीत दुसरं कोण घालंल?"

त्रिशलानं तिथूनच नाझनीनला फोन लावला. नाझनीननं कारखान्यात बसल्या बसल्या सन्मतीचे आकडे उघडले. घोट्याचा दाब दंडाच्या जवळजवळ दीडपट होता. ती म्हणाली की अण्णांच्या धमन्या तिच्या स्वतःच्यापेक्षा चांगल्या आहेत, दुखणं दुसरं काहीतरी असेल, मोजा यात चुकत नाही.

"बोट काळं पडलंय, नाझनीन," त्रिशला म्हणाली. "तू आकडे बघू नको. तू ये."

नाझनीन अर्ध्या तासात आली. लहानपणी ती याच माणसाच्या मागाशेजारी पेटाऱ्यावर बसून गृहपाठ करायची, कारण तिच्या घरात जागा नव्हती आणि सन्मती तिला कधी ऊठ म्हणायचा नाही. ती जमिनीवर बसली. पावलाच्या वरच्या बाजूला नाडी लागते, ती तिनं तीन बोटांनी शोधली. मग घोट्याच्या मागं शोधली. बराच वेळ शोधत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सन्मतीला कोल्हापूरला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी घोट्याचा दाब पुन्हा घेतलाच नाही. त्यांनी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधला, त्याच्या पुढं एक दिवा लावला आणि अंगठ्यात रक्ताचा ठोका किती दाबाला परत दिसतो ते पाहिलं. आकडा चोवीस आला. तीसच्या खाली पाय धोक्यात असतो, असं त्यांनी सांगितलं.

नाझनीननं विचारलं, मग घोट्याला दीडपट कसा काय? उत्तर तिला विचारतानाच कळलं असावं, कारण ती मधेच गप्प झाली. डॉक्टरांनी ते सन्मतीला समजेल अशा भाषेत सांगितलं. धमनी रबराच्या नळीसारखी मऊ असते, दाबली की मिटते. किती जोरानं दाबल्यावर मिटली, त्यावरून आतला दाब कळतो. पण जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचतो आणि ती कडक होते. कितीही आवळा, मिटतच नाही. मोजा आवळत गेला, नाडी थांबली नाही, आणि त्याला वाटलं की आत दाब भरपूर आहे. आत तर सुई जाईल एवढीच वाट उरली होती. अंगठ्यातल्या बारीक वाहिन्यांत सहसा चुना साचत नाही, म्हणून खरं काय ते अंगठा सांगतो.

त्याच दिवशी सन्मतीच्या धमनीत बारीक तार घालून, फुगा फुगवून तीन ठिकाणी वाट मोकळी केली. करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस गेले असते तर गुडघ्याखाली काही राहिलं नसतं.

आत शस्त्रक्रिया चालू असताना त्रिशला आणि नाझनीन बाहेर बाकावर बसल्या होत्या. दोघींनाही एकच गोष्ट आठवत होती, आणि ती आधी कुणी बोलायची हा प्रश्न होता. शेवटी त्रिशला बोलली.

मोज्याच्या पहिल्या आराखड्यात अंगठा होता. अंगठ्यावर एक टोपडं होतं, त्यात लाल प्रकाशाचा धागा होता, आणि तो अंगठ्यातला ठोका वाचायचा. पण यंत्रावर ते टोपडं नीट उतरेना. चुण्या पडायच्या, शिवण बोचायची. शंभरातले चाळीस नग तपासणीत बाद व्हायचे. तेव्हा त्रिशलानंच लिहून दिलं होतं की मोजा बोटांशी उघडा ठेवला तर सगळी अडचण मिटेल. नाझनीननं विचार करून मान्य केलं होतं, कारण बहुतेकांना घोट्याची तपासणी पुरते असं सगळ्या पुस्तकांत होतं. कागदावर दोघींच्या सह्या होत्या.

"अजून किती जण असतील?" त्रिशलानं विचारलं.

नाझनीननं मांडीवरचा संगणक उघडला आणि अकरा हजार लोकांतून कमी आकड्यांची माणसं शोधायला सुरुवात केली. तशी कुणीच नव्हती. कमी आकड्यांच्या लोकांना मोज्यानं आधीच वगळलं होतं. तिनं हताश होऊन मान हलवली. त्रिशला तपासणीतली बाई. कापडात एखादा भाग शेजारच्या कापडापेक्षा जास्तच घट्ट, जास्तच देखणा दिसला तर तिथं काहीतरी अडकलेलं असतं, हे तिला हातानं ठाऊक होतं.

"कमी नको बघू," ती म्हणाली. "ज्यांचे आकडे फारच चांगले आहेत ते काढ."

तीनशे बारा नावं निघाली.

नाझनीननं कुणालाही न विचारता त्या तीनशे बारा जणांच्या मोज्यांचं आवळणं तिथल्या तिथं बंद केलं. तो अधिकार तिला एकटीला नव्हता. तिनं डॉक्टरांकडून अंगठ्याचा दाब मोजायचं यंत्र मागून घेतलं. पुढच्या चार दिवसांत दोघी दारोदार फिरल्या आणि एकेचाळीस जणांचे अंगठे तपासले. सतरा जणांचे आकडे वाईट होते, त्यांतल्या चौघांना त्याच दिवशी कोल्हापूरला पाठवावं लागलं. एक म्हातारी विणकरीण तर हसून म्हणाली की पाय दुखत नाही, आता काही लागतच नाही. नाझनीन तिच्या अंगणात उभ्या उभ्या रडली आणि मग डोळे पुसून पुढच्या घरी गेली.

म्हणून त्या सोमवारी शिक्का पर्समध्ये होता.

उदगाव्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट मनुष्य नव्हते. बंद गिरणीचं कुलूप उघडायला त्यांनी आपलं आयुष्य घातलं होतं. त्यांनी मधला मार्ग सुचवला. मधुमेह असलेल्यांनी हा मोजा घालू नये अशी चिठ्ठी प्रत्येक खोक्यात टाकू, माल आज जाऊ दे, पुढची सुधारणा पुढच्या मालात करू.

त्रिशला म्हणाली की निम्म्या लोकांना मधुमेह आहे हेच माहीत नसतं, आणि चिठ्ठी कुणी वाचत नाही. तिच्या भावाला मधुमेह आहे हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची बहीण कारखान्यात होती, तरी त्याचं बोट गेलं.

तोवर खाली कामगार जमले होते. काम थांबलं की काय होतं ते या गावानं एकदा पाहिलं होतं, त्यामुळं चेहरे घाबरलेले होते. गर्दीतून पॅकिंगमधली एक बाई म्हणाली, "एका तुमच्या भावासाठी सहाशे घरं बंद करणार काय, अक्का?"

ती बाई त्रिशलाच्या शेजारच्या गल्लीत राहायची. त्रिशलानं तिला सावकाश सांगितलं, "माझा भाऊ आता बरा आहे. मी त्या चार हजार हमालांचं बोलतेय. आपण हे विकतो कशावर? गावात लोकांचे पाय बरे झाले म्हणून. उद्या एका हमालाचा पाय कापला गेला तर हा मोजा कोण घेईल, आणि का घ्यावा? अंगठा काढून टाका असं मीच लिहून दिलं होतं. मला कामावरून काढायचं तर काढा. पण अंगठा परत लावल्याशिवाय मी शिक्का देणार नाही."

नाझनीन तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली की अक्कांच्या सहीखाली तिचीही सही आहे.

उदगावे गाड्यांपाशी गेले. मग त्यांनी चालकांना गाड्या रिकाम्या करायला सांगितलं. हमालांच्या संघटनेला त्यांनी स्वतः फोन केला आणि काहीही न लपवता कारण सांगितलं. पलीकडून बोलणारा माणूस चिडेल अशी त्यांची अपेक्षा होती. तो एवढंच म्हणाला की किती दिवस लागतील ते सांगा, आम्ही थांबतो.

पुढचे सोळा दिवस कारखान्यात मोजे विणले गेले नाहीत, फक्त अंगठे विणले गेले. अडचण तीच होती. मोजा वरून खाली विणत आणला की शेवटी अंगठ्याशी तोंड बंद करायला शिवण घालावी लागे. साध्या माणसाला ती शिवण जाणवेल, पण मधुमेही पावलाला संवेदना नसते. शिवणीखाली जखम होऊन पिकली तरी त्याला कळणार नाही. नाझनीननं चिकटवून पाहिलं, वितळवून जोडून पाहिलं. अंगठा वेगळा विणून बसवायचंही करून झालं. एकही नमुना त्रिशलाच्या हातून पास झाला नाही.

नवव्या दिवशी त्रिशला यंत्रासमोर उभी राहून म्हणाली, शेवट करायलाच अडतंय ना, मग शेवट तिथं नकोच. अंगठ्यापासून सुरुवात करू आणि वर विणत जाऊ. मोज्याचं उघडं तोंड गुडघ्याशी राहील, तिथं हवी तेवढी शिवण घाला. यंत्र बसवणारा जॉबर म्हणाला की यंत्र उलटं चालवायचं म्हणजे सगळ्या सुया नव्यानं लावाव्या लागतील. पॅकिंगमधली ती बाई आणि आणखी अकरा जणी सुया लावायला बसल्या. सोळाव्या दिवशी दुपारी पहिला नग उतरला. त्रिशलानं तो स्वतःच्या पायात घातला, काढला, आतून उलटा करून बोट फिरवलं. कुठंही काही लागलं नाही. तिनं पर्समधून शिक्का काढला.

नवा मोजा आधी अंगठ्याला विचारायचा आणि मगच आवळायचा. पण नाझनीन तिथंच थांबली नाही. ज्यांच्या अंगठ्यानं नाही म्हटलं, त्यांच्या हाती लाल ठिपका ठेवून त्यांना वाऱ्यावर सोडायचं हे तिला आता पटत नव्हतं. तिनं अशा पायांसाठी दुसरी लय तयार केली. सतत आवळून धरायचं नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात पाऊल आणि पोटरी झटकन दाबायची आणि तितक्याच झटकन सोडायची. त्यानं शिरा क्षणभर रिकाम्या होतात, खालचा दाब उतरतो, आणि धमनीतून येणाऱ्या रक्ताला पुढं यायला ओढ मिळते. याच्या जोडीला रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं महिनोन् महिने केलं की अडलेल्या वाटेच्या आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावतात आणि रक्त त्यांच्यातून वळसा घेऊन खाली उतरतं. ही लय आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वीस जणांवर पारखायची होती. पहिलं नाव सन्मतीनं स्वतः लिहिलं.

त्यानं विडी सोडली. ते त्याला चालण्याहून जड गेलं आणि घरात सगळ्यांनाच जड गेलं. राजमती वैनीनं त्याच्याबरोबर चालायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्याची सत्तर पावलं झाली. तो थांबला, पण भिंतीकडं वळला नाही. समोरून येणाऱ्याला त्यानं सांगितलं की पायात रक्त कमी येतंय, थांबून चालायचं औषध आहे. त्या माणसानं आपलीही पोटरी दुखते म्हणून सांगितलं. आठवडाभरात तो माणूसही बरोबर चालू लागला. उन्हाळा संपेपर्यंत रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं तीस-चाळीस जुने विणकर थांबत थांबत, गप्पा मारत चाललेले दिसायचे.

अकरा हजार लोकांचे अंगठे पुन्हा मोजले गेले. लोक यायला कचरत होते, तेव्हा उदगाव्यांनी बाजारपेठेत मांडव घातला आणि सगळ्यांसमोर खुर्चीत बसून पहिल्यांदा आपला अंगठा पुढं केला. मांडव दहा दिवस चालला. त्या तीनशे बारांपैकी एकशे एकोणीस जणांच्या धमन्या खरोखर अरुंद निघाल्या, आणि अजून अठ्ठावीस अशांच्या निघाल्या ज्यांच्यावर कुणाला संशयही आला नसता. काहींना फुगा लागला, दोघांना शस्त्रक्रिया लागली, बाकीच्यांना औषध, नवी लय आणि चालणं पुरलं. ज्या म्हातारीला काही लागतच नव्हतं, तिचा पाय वाचतो की नाही अशी तीन आठवडे धास्ती होती. तो वाचला. त्या वर्षी गावात धमन्यांच्या आजारानं एकाही विणकराचा पाय कापावा लागला नाही. हमालांचे चार हजार जोड मार्चमध्ये गेले, अंगठ्यासकट, आणि त्यांच्यामागून नव्या मागण्या आल्या.

डिसेंबरात सन्मती बहिणीला म्हणाला की कुंभोजजवळच्या बाहुबली तीर्थाला जाऊन येऊ. त्रिशलाला वाटलं की खालूनच दर्शन घेऊन परतायचं असेल. पायथ्याशी पोचल्यावर त्यानं डोंगराकडं बोट दाखवलं.

तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, दुखलं की थांबू द्या, घाई करू देऊ नका, बाकी अडवू नका. सन्मतीनं कापडी बूट घट्ट बांधले आणि पहिली पायरी चढला. त्रिशला मागं राहिली, तो घसरलाच तर धरता यावं म्हणून. दीडशे पायऱ्यांवर तो थांबला. पोटरीवर हात ठेवून उभा राहिला, दोन मिनिटांनी निघाला. पुढं आणखी एकदा थांबला, तेव्हा दुखत होतं म्हणून नव्हे, तर खालची उसाची शेतं बघायची होती म्हणून. तिसरा थांबा त्यानं घेतला नाही. तो त्रिशलानं घेतला.

वर पोचल्यावर देवळाबाहेर बूट-मोजे काढताना तिनं भावाचे तळवे नीट तपासले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. कुठं लाली नव्हती, फोड नव्हता. पाऊल तिच्या दोन्ही हातांत होतं आणि ते गरम होतं. आपल्या डोळ्यांत पाणी आलंय हे लपवायला तिनं मान खाली घातली, पण सन्मतीनं ते पाहिलंच. तिच्या डोक्यावर त्यानं नुसता हात ठेवला.

दर्शन घेऊन सन्मतीनं बूट-मोजे पुन्हा चढवले आणि थोड्याच वेळात नाझनीनचा फोन आला. कारखान्यात बसून ती त्या वीस जणांचे आकडे बघत होती. आवाज तिचा, पण शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. "अक्का, अण्णा कुठं आहेत? अंगठ्याला बहात्तर आलाय. यंत्र बिघडलं का बघायला मी दुसऱ्या पायाशी ताडून बघितलं. बिघडलेलं नाही."

त्रिशलानं फोन भावाकडं दिला. सन्मतीनं आकडा ऐकला, मान हलवली आणि सांगितलं की आम्ही डोंगरावर आहोत, चढून आलोय. मग नाझनीननं विचारलं असावं की न्यायला गाडी पाठवू का, कारण सन्मती म्हणाला, "गाडी नको. कुंभोजपर्यंत आम्ही चालत जाणार हाय."

फोन बहिणीच्या हातात देऊन तो पायऱ्या उतरू लागला. त्रिशलानं घाईनं चपला घातल्या आणि त्याला गाठायला भराभर निघाली.